मदत हवी आहे: उबुंटू लॅपटॉप, जुना प्रोजेक्टर आणि अंधुक अक्षरं

खानापूरजवळच्या आमच्या शाळेत शनिवारी पालकांना स्लाइड दाखवायच्यात. प्रोजेक्टर जुना, फक्त व्हीजीएचा (जुन्या पद्धतीची व्हिडिओ जोडणी), म्हणून लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावलाय. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ (विंडोजऐवजी वापरायची लिनक्स सिस्टीम), इंटेल ग्राफिक्स. चित्र येतं, पण १०२४ × ७६८ रिझोल्यूशनच्या वर ऑप्शनच येत नाही, जोडाक्षरं मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत, तेच तर महत्त्वाचं आहे. सरांचा व्हीजीए पोर्टवाला लॅपटॉप लावला की १२८० × ८०० नीट येतं, म्हणजे प्रोजेक्टर चांगलाच आहे की. केबल बदलून बघितलो, लॉगिनला वेलँड सोडून एक्सऑर्ग घेतलो (दोन्ही पडद्यावर चित्र दाखवायच्या पद्धती), एक्सरँडर या कमांडनं नवीन मोड (रिझोल्यूशन) घातला तर चालतंय, पण रीस्टार्ट केलं की गेलं. विंडोज टाकायचं नाही, शाळेत नेटपण नाही. कन्व्हर्टर प्रोजेक्टरची माहिती (त्याला कुठली रिझोल्यूशन चालतात ती) लॅपटॉपला पाठवत नसेल का, आणि हा मोड कायमचा कसा ठेवायचा?