मदत हवी आहे: केमोमुळे बाबांची बोटं बधिर झालीत, आणि सदाफुलीच्या रसाचं काय करू?

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. बाबांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे. दर 21 दिवसांनी बांबोळीच्या इस्पितळात जातो, केमोच्या सहापैकी तीन सायकल (फेऱ्या) झाल्या. कागदावर सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. लाल औषधाने (डॉक्सोरुबिसिन) लघवी लाल होते हे सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, म्हणून केस गेले, तोंड आलं, इथवर कळतं. पण बाबा भजनाला पखवाज वाजवतात. एकादशीला त्यांनी पखवाज पुढ्यात ओढला, दोन-चार बोल वाजवले आणि हात मागे घेतला. "बोटांना पुडी लागतच नाही रे." शर्टाची बटणंही आता आई लावते. मज्जातंतूंच्या पेशी तर वाढत नाहीत ना? मग त्यांना का त्रास?

दुसरं, शेजारच्या काकी सदाफुलीच्या पानांचा रस आणून देतात. "तुमचं औषध ह्याचंच ना!" बाबांनाही ते पटलंय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

काकींचं अर्धं खरं आहे. व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतलंच. पण सुईतली मात्रा एका वेळी साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, इतकं ते जहाल. पानात काय किती उतरलंय हे कुणी मोजलंय? रस आजच बंद करा आणि आतापर्यंत किती प्यायले ते डॉक्टरांना सांगा.

आता बोटांचं. पेशी दुभागताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढायला सूक्ष्मनलिकांचे दोर लागतात. व्हिन्क्रिस्टीन ते दोर वळूच देत नाही, पेशी अर्ध्यावर अडकून मरते. सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन डीएनएवर घाव घालतात. मज्जातंतू दुभागत नाही, पण त्याच नलिका त्याच्या आत मालवाहतुकीचे रूळ असतात. मणक्यापासून बोटाच्या टोकापर्यंतचा पल्ला लांब, म्हणून आधी टोकं उपाशी पडतात. बद्धकोष्ठही त्यातूनच होतं, विचारून बघा.

सहा सायकल का, तर प्रत्येक वेळी काही कॅन्सरपेशी झोपलेल्या असतात आणि निसटतात. त्या जाग्या झाल्या की पुढचा डोस. मधल्या दिवसांत हाडांतली मज्जा रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरून काढते. त्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर रात्रीबेरात्रीही दवाखाना गाठायचा.

प्रतिसाद २

"मुंग्या येतात" एवढंच सांगू नका. बटण लागत नाही, पखवाज वाजत नाही, असं सांगा. माझ्या मामांचा डोस त्यावरूनच कमी केला होता. बोटं सुधारायला बरेच महिने गेले. गरम भांडं मात्र त्यांच्या हाती देऊ नका, चटका कळत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. रस बंद केला, काकी जरा फुरंगटल्यात. पोट साफ होत नाही हे बाबा आठवडाभर लपवत होते, आत्ता विचारल्यावर कबूल केलं. उद्याच फोन करतो.