मदत हवी आहे: तोंडाच्या कॅन्सरचे शेक संपले, आता तोंड उघडत नाही. दाढ काढावी का?

सांजसावली:
वडिलांचं वय 58, वजन 55 किलो. डाव्या गालाच्या आतला कॅन्सर. ऑपरेशनमध्ये गालाचा भाग आणि मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी काढल्या, त्या जागी मांडीचा फ्लॅप (कातडी-मांसाचा तुकडा) लावला. मग रेडिएशनचे 30 शेक, एकूण 60 ग्रे (किरणांची मात्रा). शेक संपून सात महिने झाले, मागच्या तपासणीत सगळं स्वच्छ होतं. तीन महिन्यांपूर्वी तोंडात दोन बोटं जायची, आता जेमतेम दीड. डावीकडची खालची दाढ किडली आहे, ठणकते. इथले डेंटिस्ट परवा काढून टाकू म्हणतात. तोंड सतत कोरडं, भाकरी गिळत नाही. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे. तोवर घरी काय करावं, आणि दाढ काढू द्यावी का?

दंतकथा:
परवाची वेळ आधी रद्द करा, बाकीचं नंतर बोलू.

शेकामुळे जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात. अशा हाडातून दाढ उपटली की खड्डा भरून न येता हाड उघडं पडण्याचा आणि सडण्याचा धोका असतो. खालच्या जबड्याला रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून धोका तिथे जास्त. आणि हा धोका वर्ष-दोन वर्षांत सरत नाही, दहा वर्षांनंतरही असतो. 'शेक होऊन बरेच दिवस झाले, आता चालेल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

जिथे शेक घेतले तिथल्या रेडिएशन विभागात फोन करा आणि 'डाव्या खालच्या दाढेपाशी किती ग्रे गेले' ते विचारा. एकूण 60 असले तरी प्रत्येक दाताला तेवढेच मिळालेले नसतात; त्यांच्या प्लॅनमध्ये बघून सांगता येतं. तो आकडा आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन कॅन्सर रुग्णालयाच्या दंतविभागात जा. पहिला पर्याय रूट कॅनाल. वरचा भाग फारच गेला असेल तर दाढ हिरडीलगत कापून मुळं भरून तशीच ठेवतात. ओबडधोबड दिसतं, पण हाड वाचतं. काढावीच लागली तर ते काम जबड्याच्या सर्जनचं, तेही रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलून. अडचण अशी की दीड बोट तोंडात मागच्या दाढेपर्यंत रूट कॅनालची हत्यारं पोचत नाहीत. म्हणजे तोंड उघडण्याचं काम आधी. तोवर तात्पुरतं सिमेंट भरून घ्या.

ठणका लागला म्हणून लवंग तेल नको, शेकलेली त्वचा आतून भाजते. मिश्री तर नकोच. ती तंबाखूच आहे, 'दातांसाठी लावतो' म्हटल्याने बदलत नाही.

खांदेपालट:
बोटांनी मोजणं सोडा, प्रत्येकाचं बोट वेगळं. समोरच्या वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत प्लास्टिकच्या पट्टीने मिलिमीटर मोजा. 35 च्या खाली म्हणजे तोंड आखडलेलं. तुमच्याकडे 25 च्या आसपास असेल. रोज सकाळी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा टाका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सात महिन्यांनी तोंड कमी उघडणं बहुतेक वेळा शेकामुळे स्नायू कडक झाल्याने होतं, पण आजार परतल्याचीही ती खूण असू शकते. जखम, मानेत नवी गाठ, कानात कळ किंवा रक्त यातलं काही असेल तर उद्याच दाखवा. नसेल तरी फोन करून तपासणी अलीकडे घ्या, सहा आठवडे थांबू नका.

व्यायामाला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या लागतात. जितक्या सहज दातांत बसतात तितक्या एकावर एक ठेवून चिकटपट्टी लावा. त्या दातांत धरून मधोमध आणखी एक काडी सारायची, ताण जाणवला की 30 सेकंद थांबायचं. असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. सहज बसू लागलं की एक काडी कायमची वाढवायची. दुखणं दोन तास टिकलं तर जास्त झालं, एक काडी कमी करा. किडक्या दाढेवर काड्या मुळीच नकोत, तुकडा पडेल. दुसऱ्या बाजूचे किंवा पुढचे मजबूत दात वापरा. बाजारातला स्क्रूवाला जबडा उघडणारा चिमटा घरी वापरू नका, दात मोडतात. व्यायामाआधी कोमट पाण्याचा पंचा चालेल, गरम पाण्याची पिशवी नाही: तिथली त्वचा बधिर असते, भाजलेलं कळत नाही.

हाताचं कारण मानेतली नस. गाठी काढताना ती ताणली जाते, मग खांद्याचा मोठा स्नायू ढिला पडतो. बसताना हाताखाली उशी. त्या खांद्यावर पिशवी लटकवू नका. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि उजव्या हाताने डावा वर न्यायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीवर बोटं चालवत जिथवर पोचतील तिथे पेन्सिलची खूण करा. हलवलाच नाही तर खांदा गोठतो, आणि ते दुखणं नसेच्या दुखण्याहून वाईट.

मेतकूट:
भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून, कण्या, नाचणीची पेज, मऊ मूगखिचडी वरून तूप घालून. अन्न पातळ करायला नुसतं पाणी घातलं तर पोट भरतं आणि वजन उतरतं. दूध, ताक, वरणाचं पाणी घाला. 55 किलोला दिवसाला साधारण 65 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत. अर्धा लिटर दुधात 16, दोन अंड्यांत 12, मूठभर (60 ग्रॅम) कोरड्या मूगडाळीत 14. उरलेली धान्य, दही, दाण्याच्या अगदी बारीक कुटातून. जाडसर कूट घशात अडकतं.

गुळण्या: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, एक सपाट चमचा मीठ, एक सपाट चमचा खायचा सोडा. बेकिंग पावडर वेगळी, ती नको. रोज नवं करा, दिवसातून पाच-सहा वेळा. लिंबाची फोड चघळायचा सल्ला हमखास मिळेल. लाळेअभावी ते आम्ल दात खातं. अल्कोहोलचा माउथवॉशही बंद.

पाणी पिताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओलसर येतो का? तसं असेल तर गिळण्याच्या थेरपिस्टला दाखवा, पाणी श्वासनलिकेत जात असेल.

सांजसावली:
ठसका नाही. जखम, गाठ काही दिसत नाही. आत्ता मोजलं, 23 मिमी. खूप थकतात, बद्धकोष्ठ आहे, सारखी थंडी वाजते म्हणतात. अशक्तपणा असेल ना?

दंतकथा:
मानेला शेक मिळाले की थायरॉइड मंदावू शकतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा, आणि पुढेही दर सहा ते बारा महिन्यांनी. हिमोग्लोबिनही बघा. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, भरपूर पाण्याबरोबर. कोरड्या तोंडात ती चिकटून बसते. फ्लोराइडची जास्त ताकदीची 5000 पीपीएमची पेस्ट डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्री घासून फक्त थुंकायचं, चूळ नाही, अर्धा तास काही खाणं-पिणं नाही.

खांदेपालट:
23 लिहून ठेवलात ना? रेल्वेने जात असाल तर रुग्णालयाकडून सवलतीचा फॉर्म घ्या: कॅन्सर रुग्णाला उपचार-तपासणीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत असते, सोबत्याला 75 टक्के. आणि ते आकड्यांचं कॅलेंडर सोबत न्या.