काकांची ग्रॅच्युइटी आणि किमान वेतन : मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. माझे काका इंदूरमध्ये सांवेर रोडवरच्या एका लहान कारखान्यात १९ वर्षे टर्नर होते. २०२३ मध्ये त्यांना तोंडी सांगून घरी बसवले. सलग पाच वर्षे नोकरी झालेल्याला दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, तोही देय झाल्यापासून ३० दिवसांत, असे तेव्हा लागू असलेला १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सांगत होता. मालक मात्र ‘तुम्ही ठेक्यावरचे’ एवढेच म्हणतात. काकांकडे तेलाच्या बोटांनी काळवंडलेली हजेरी कार्डे आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घेतलेल्या पावत्या आहेत, आणि त्यांतल्या काहींवरची रक्कम किमान वेतनापेक्षाही कमी आहे.

माझा खरा प्रश्न इथेच आहे. राज्यघटनेतील निर्वाह वेतनाचे कलम ४३ निदेशक तत्त्वांमध्ये येते आणि कलम ३७ मुळे ते न्यायालयातून अंमलात आणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे ही कलम २३ खालची वेठच (सक्तीची मजुरी) ठरते, असा निर्णय दिला होता, आणि हे कलम खाजगी मालकालाही लागू होते. (काका हे ऐकून नुसते हसले.) त्याचा आधार कामगार कार्यालयातील अर्जात घ्यावा, की थेट उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे जावे? झालेल्या विलंबाची माफी कशी मागतात? नियुक्तिपत्र नसताना केवळ हजेरी कार्डांवर कोणी नोकरी सिद्ध केली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.