न्यायालयीन दंडाची थकबाकी हे कर्ज मानावे का?

प्रश्न: अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ अलेक्सिस हॅरिस २०१६ मधील आपल्या पुस्तकात न्यायालयीन दंड व शुल्कांच्या थकबाकीला कर्ज मानतात. कर्ज माणूस स्वतः काढतो, दंड लादला जातो. मग दोन्हींना एकच माप का लावावे?

प्रतिसाद १: ते काढले कुणी यापेक्षा फिटते कसे, हे पाहावे. वॉशिंग्टन राज्यात गंभीर गुन्ह्यासाठी ५०० डॉलरची पीडित-साहाय्य आकारणी आणि डीएनए नमुना घेण्याचे १०० डॉलरचे शुल्क सक्तीचे होते, शिवाय थकबाकीवर १२ टक्के व्याज. म्हणजे ६०० डॉलरवर वर्षाला ७२ डॉलर. तुरुंगातून सुटलेल्या बेरोजगार माणसाने महिन्याला ५ डॉलर नेमाने भरले तरी वर्षाचे ६० च होतात आणि मुद्दलाला हातही लागत नाही. ऐपतदार मात्र एका धनादेशात मोकळा होतो. (आपल्याकडे याला सरळ सावकारी म्हटले असते.)

प्रतिसाद २: ते व्याज २०१८ च्या कायद्याने थांबले ना?

प्रतिसाद १: पीडिताला द्यायची भरपाई वगळता इतर रकमांवरचे थांबले. पण हॅरिस यांच्या संशोधनाच्या काळात पूर्ण रक्कम फिटेपर्यंत शिक्षा संपल्याचा दाखलाच मिळत नसे, हे मला व्याजाहून जाचक वाटते.