पांडुरंग सांगवीकर आजारी होता का?

मुठाकाठ :
भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर हा उघडउघड नैराश्याचा रुग्ण आहे आणि वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या तर तो पदवी घेऊन पुण्यातून बाहेर पडला असता, असे काल येथे कोणीतरी लिहिले. ते वाचून रात्रभर चीड आली, म्हणून सविस्तर लिहितो. खानदेशातल्या खेड्यातून आलेला मुलगा वसतिगृहाच्या मेसचा कारभार अंगावर घेतो, वडिलांचा पैसा उडवतो, नापास होऊन गावी परततो. हे सगळे त्याचे चुकलेच, पण चुकणे हे लक्षण नव्हे. समाजाची नैतिक किंवा कामाविषयीची मूल्ये न पाळणे एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो. मी पहिल्या वर्षाला दोन विषयांत नापास झालो, तेव्हा रेक्टरांनी वडिलांना बोलावून ‘मुलाला डोक्याच्या डॉक्टरकडे न्या’ असे सांगितले होते. मला फक्त गणित आवडत नव्हते. गावात मात्र पुढची पाच वर्षे माझी तीच ओळख राहिली.

समुपदेशिका :
ते मीच लिहिले होते, आणि गोळ्यांचे वाक्य सोडले तर मी काहीही मागे घेत नाही. आपण नापास होण्यापाशीच थांबलात. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरण पावल्यावर या मुलाचे काय होते, त्याबद्दल आपण एक शब्दही लिहिलेला नाही. जवळचे माणूस गेल्यानंतरचे पहिले दोन महिने नैराश्याच्या निदानातून वगळण्याची अमेरिकन निकषांतली सूट २०१३मध्ये काढण्यात आली, कारण शोकाच्या आड आजार दडू शकतो. माझा भाऊ इंजिनिअरिंगला असताना दिवसदिवस अंथरुणातून उठत नसे आणि घरात सगळे ‘वयच तसे आहे’ म्हणत राहिले. आम्ही दीड वर्ष गमावले.

जुनी वाचक :
ही गोष्ट सांगणारा पांडुरंग पंचविशीचा आहे, हे दोघेही विसरलात. तो मागे वळून, निवडून, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत सांगतो आहे. १९६३ साली आलेल्या पुस्तकातल्या अशा निवेदनावरून तपासणीचा कागद कसा भरणार?

एक पालक :
आजार की बंडखोरी, एवढेच विचारता. तिसरी शक्यता बेजबाबदारपणाची आहे आणि तिचे नाव कोणी घेत नाही. पैसा कोणाचा उडाला? गावाकडच्या बापाचा. माझा मुलगा पुण्यात शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकेत तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षा देतो आहे. कॉटचे भाडे, मेस, अभ्यासिकेची फी, सगळे मी सोयाबीन विकून भरतो. त्या बापाच्या मनाचे निदान कोण करणार?

मुठाकाठ :
आपला त्रास खरा आहे, परंतु विषय मुलाच्या मनाचा आहे. शिवाय मुलाकडे खर्चाची वही म्हणून पाहिले की त्याला घरी काही सांगावेसे वाटत नाही, हे मी भोगलेले आहे.

एक पालक :
मला शिकवू नका. आपल्या वडिलांनी आपली फी भरली नसती तर आज असे परिच्छेद लिहायला आपण शहरात नसता. मी त्याला हिशेब विचारतो, कारण दुसरे काय विचारावे ते मला कळत नाही. दिवाळीला तो आला नाही. फोन केला की ‘अभ्यास चालू आहे’ एवढेच बोलतो आणि त्याचा खोलीमित्र सांगतो की तो महिनाभर अभ्यासिकेत गेलेलाच नाही.

समुपदेशिका :
काका, कादंबरी बाजूला ठेवा आणि पुण्याला या. निकालाचे विचारू नका. झोप लागते का, जेवतो का, एवढे विचारा. त्याला किंवा आपल्यालाही बोलायचे असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. हा आजारच आहे असे मी म्हणत नाही. न बघता ते कोणालाच सांगता येणार नाही.

मुठाकाठ :
हेच शेवटचे वाक्य काल पांडुरंगाबद्दल लिहिले असते तर मी हा धागा काढलाच नसता. मनीनंतरची पाने मी घाईने ओलांडली होती, एवढे मान्य करतो. मेस आणि नापास होण्याबद्दल मात्र माझे मत कायम आहे.

एक पालक :
उद्या पहाटेच्या एसटीने निघतो आहे.