मदत हवी आहे : कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींना कायद्याचा आधार कोणता?

नमस्कार मंडळी,

माझी भाची उदगीरची. डिप्लोमा झाल्यावर तिला चाकण एमआयडीसीत नोकरी लागली. तिथे ती एका बंगल्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहते. खोलीत चौघी, महिना 6,500 रुपये, डिपॉझिट दोन महिन्यांचं. करारनामा नाही की पावती नाही. मालक राहायला दुसरीकडे. आता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्यात : पुढच्या महिन्यापासून भाड्यावर जीएसटी, आणि अकरा महिन्यांच्या आत खोली सोडली तर डिपॉझिट विसरा. पोरी घाबरल्यात. पहिल्या नोकरीचे पगार केवढे असतात, तुम्हाला ठाऊक आहेच.

जीएसटीबद्दल मला खात्री आहे. जुलै 2024 पासून माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंतचं भाडं आणि सलग किमान 90 दिवसांचा मुक्काम असेल तर तो लागत नाही. हे मालकांना लेखी कळवायचं ठरवलंय.

अडलंय ते दुसरीकडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्स करार (मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल, तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. पण याच कायद्यातल्या लायसन्सीच्या, म्हणजे अशा करारावर राहणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळलेत. आणि पेइंग गेस्ट कोण? तर मालक स्वतः राहतो त्याच घरातला काही भाग ज्याला दिलाय तो. इथे मालक त्या बंगल्यात राहतच नाहीत. मग बाहेर ‘पीजी’ची पाटी असली तरी या मुली लायसन्सीच ठरतात ना? मी बरोबर वाचतेय का? वकील मंडळींपैकी कुणी किंवा असं प्रकरण लढलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. चौघींच्या नावाने एकच करार करता येतो की प्रत्येकीचा वेगळा, हेही सांगा.

डिपॉझिटवर दोन महिन्यांची मर्यादा घालणारा केंद्राचा आदर्श भाडेकरार कायदा 2021 मध्ये आला, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, त्यामुळे त्याचा आम्हाला उपयोग नाही.

पर्यायही शोधतेय. केंद्राच्या ‘सखी निवास’ योजनेत नोकरदार महिलांना सामायिक मोठ्या खोलीसाठी पगाराच्या साडेसात टक्क्यांहून जास्त भाडं लावता येत नाही. चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड भागात असं वसतिगृह चालू आहे का? अर्ज कुठे द्यायचा? प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मध्येही परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे, त्यातून कुणाला प्रत्यक्ष खोली मिळाली असेल तर जरूर लिहा.

कारखान्यांना या मुलींची गरज आहे, त्या मन लावून काम करतात. त्यांच्या डोक्यावरच्या छपराचा एक साधा कागद त्यांच्या हातात असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

‘गप्प बसा, दुसरी जागा बघा’ हा सल्ला घरातून मिळालाय. पण चौघींनी मिळून करारनामा मागायचं ठरवलंय, म्हणून मागणीचं पत्र कसं लिहावं ते सुचवा. त्याचा नमुना कुणाकडे असेल तर इथेच टाका, म्हणजे इतर मुलींनाही वापरता येईल.