मदत हवी आहे: मुलांमधला आडून होणारा छळ शिक्षकांच्या नजरेस कसा आणून द्यावा?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे शिक्षकांसाठी दीड तासाचं सत्र आहे आणि ते मी घेणार आहे. विषय मीच मागून घेतला. मारामारी, दप्तर लपवणं, शिवीगाळ हे सगळ्यांना दिसतं आणि त्यावर काय करायचं तेही शाळेत ठरलेलं आहे. मला बोलायचंय ते ज्याची तक्रारच येत नाही, त्याबद्दल.

उदाहरणं देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

अडखळत बोलणारा एक मुलगा आहे. तो वाचायला उभा राहिला की मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "स्लो लोकल." विचारलं तर, "काही नाही बाई, ट्रेनचं बोलत होतो." एका मुलीने उत्तर दिलं की दोन बाकांवरून खोकला येतो. तिच्याच उत्तराला. "पाच-पाच जणांचे गट करा" म्हटलं की एकजण दर वेळी उरते. आपण तिला एखाद्या गटात बसवतो, गट नाही म्हणत नाही, पण तिच्या वाट्याला तक्त्याची किनार रंगवण्याचं काम येतं. एक मुलगा तापाने आठवडाभर घरी होता. परत आल्यावर वही मागितली तर बाकावरच्या प्रत्येकाचं उत्तर एकच: "मीपण नाही लिहिलं." वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला समांतर दुसरा ग्रुप असतो, त्यात एक सोडून सगळे.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर शिक्षा करण्यासारखी काहीच नाही. खोकला हा खोकलाच. मराठीच्या बाईंना खोकला दिसतो, विज्ञानाच्या सरांना उरलेली मुलगी दिसते, चित्रकलेच्या बाईंना रंगवलेली किनार. आठ तासिकांत आठजण येऊन जातात आणि प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा लागतो. सगळे तुकडे एकत्र असतात ते फक्त त्या मुलाकडे, आणि ते बोलत नाही. बोलून सांगणार तरी काय? "बाई, ते खोकतात"?

सहकाऱ्यांचं म्हणणंही मला कळतं. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, वर ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीची कामं. "कोण कोणाकडे बघून हसलं हे मी कधी बघू?" हा प्रश्न रास्त आहे. दुसरं नेहमीचं वाक्य, "मुलं आहेत, चालायचंच, आम्ही नाही का मोठे झालो?", याला मात्र मला नीट उत्तर द्यायचंय, समोरच्याला कमीपणा न आणता.

वाचन थोडं केलंय. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि सहन करणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं कठीण जावं असं. टोरांटोत क्रेग आणि पेप्लर या संशोधकांनी १९९७ साली शाळेच्या मैदानावरचं चित्रीकरण तपासलं, तेव्हा छळाच्या जेमतेम ४ टक्के प्रसंगांत शिक्षक मध्ये पडलेले दिसले. पण हे सांगून आमच्या स्टाफरूममधली नजर बदलेल असं मला वाटत नाही. भाषण झालं की टाळ्या होतील, चहा होईल आणि सगळे तासाला जातील.

मला दीड तासात करून बघण्याजोगं काहीतरी हवंय. शिवाय साधी कट्टी आणि छळ यातला फरक कसा समजावायचा, आणि लक्षात आल्यावर शिक्षकाने काय करू नये, हेही अनुभवी लोकांनी सांगावं.

---

पारिजातक

मी शालेय समुपदेशक आहे, पालिकेच्या आणि खासगी अशा दोन्ही शाळांत काम केलंय. भाषण नको हे तुमचं बरोबर आहे.

माझा नेहमीचा प्रयोग सांगते. प्रत्येक वर्गशिक्षकाला त्याच्या वर्गाच्या पटाची प्रत द्या. पंधरा मिनिटांत, कुणाला न विचारता, प्रत्येक नावापुढे लिहायला सांगा: हे मूल मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खातं? बस्स. गुण, वर्तन, घरची परिस्थिती यातलं काही नको. हुशार मुलांपुढे नावं भराभर येतात, दंगेखोरांपुढेही येतात. मग काही जागा कोऱ्या राहतात. हॉल शांत होतो, कारण या मुलांना वर्षभर शिकवूनही आपण हे पाहिलेलं नाही हे ज्याचं त्याला कळतं. कोरी जागा म्हणजे छळ असं नाही, हे मात्र तिथेच स्पष्ट सांगा. काही मुलांना एकटं बसणं मनापासून आवडतं. पुढच्या आठवड्यात नजर कुठे ठेवायची ते कोरी जागा सांगते, एवढंच.

दुसरा भाग मुलांकडून घ्यायचा. "प्रकल्पासाठी तुला कोण सोबत आवडेल, तीन नावं लिही," अशी घडी घातलेली चिठ्ठी. जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत मांडली. घरी बसून कागदावर नावं मांडा आणि बाण काढा. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही ते मूल समोर येतं. "कोण नको?" हे कधीही विचारू नका, चिठ्ठ्या वर्गात उघडू नका आणि कोणाला किती मतं पडली याचा उच्चारही नको.

कट्टीबद्दल. कट्टीत दोघंही फुगलेले असतात, दोघांच्याही बाजूने कोणी ना कोणी असतं, आणि बट्टी होते. छळाची दिशा बदलत नाही: हसणारे तेच, ज्याच्यावर हसतात तोही तोच. शिक्षकांना मी एवढंच विचारायला सांगते, "याच्या उलट कधी झालेलं आठवतं का?" ती मुलगी कधी त्यांच्या उत्तराला खोकली होती का? नसेल तर पुढे बघावं लागेल.

---

शेवटचा_बाक

मी पीटी शिकवतो. आमच्या शाळेला मैदान नाही, गच्ची आहे.

दोन कॅप्टन उभे करून "निवडा" म्हणणं पहिल्यांदा बंद करा. शेवटी उरणारं मूल आठवड्यातून दोनदा सगळ्यांसमोर नाकारलं जातं आणि ते आपण घडवून आणतो. एक-दोन, एक-दोन मोजायला लावा. टीम दहा सेकंदांत होते.

आणखी एक. मधल्या सुट्टीत "बाई, फळा पुसू? वह्या स्टाफरूममध्ये नेऊन ठेवू?" म्हणणारी मुलं आपल्याला फार आवडतात. सगळीच तशी नसतात, पण त्यातली काही तुमच्या सावलीत उभी असतात, कारण बाहेर जाणं नकोसं झालेलं असतं. कामसू म्हणून शाबासकी देऊन आपण मोकळे होतो. काम संपल्यावर ते मूल कुठे जातं ते एकदा बघा.

जिना, बाथरूमकडचा पॅसेज, आणि सकाळचं सत्र सुटून दुपारचं भरतं ती मधली दहा मिनिटं. मुंबईच्या दोन सत्रांच्या शाळेत त्या दहा मिनिटांना वाली नसतो.

---

बंदरावरची

डब्याबद्दल कोणीतरी बोललंच पाहिजे म्हणून लिहिते. आम्ही कोळी. माझ्या भाच्याच्या डब्यात सुकट असली की बाजूची मुलं नाक धरून बाक सरकवायची. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. त्याने आधी सुकट बंद केली, मग डबाच तसाच परत आणायला लागला. आणि वर्गात सूचना काय आली? "वासाचं काही आणू नका." म्हणजे बाक सरकवणाऱ्यांचं बरोबर ठरलं. आडनाव, गावाकडची बोली, आईचं काम, इंग्रजी शाळेत पंचवीस टक्क्यांच्या जागेवर आलेल्या पोरांना "फ्रीवाला" म्हणणं, हे सगळं त्याच जातीचं. तुमच्या सत्रात हे नाव घेऊन बोला ताई. गुळमुळीत "भेदभाव करू नये" नको.

---

व्हॅन_नंबर_सात

व्हॅन चालवतो. कोणाला कायम मधल्या कुबड्या सीटवर बसवतात आणि कोण चढलं की गाणी बंद होतात, हे आम्हाला जूनमध्येच कळतं. आम्हाला कोणी विचारत नाही. विचारा.

---

मुलुंडकर_आई

वेगळा सूर लावते, राग मानू नका. माझ्या मुलीवर "तू तिला एकटं पाडतेस" असा आरोप झालाय. तिला त्या मुलीशी मैत्री नको आहे, कारण आधी दोनदा तिने विश्वासाने सांगितलेलं वर्गभर झालं. आता प्रत्येकाने प्रत्येकाशी मैत्री केलीच पाहिजे का? शिक्षक शोधायला बसले तर साध्या नावडीलाही छळ म्हणतील, आणि एकदा नाव लागलं की ते दहावीपर्यंत सुटत नाही.

---

पारिजातक

मुलुंडकर_आई, तुमचा मुद्दा सत्रात यायलाच हवा. मैत्रीची सक्ती नाही, ती होऊही शकत नाही. "मी तिच्याशी बोलणार नाही" हा तुमच्या मुलीचा हक्क आहे. "तुम्हीही कोणी बोलू नका, बोललात तर तुमच्याशीही कट्टी" इथून छळ सुरू होतो. मोठ्यांनी असं केलं तर तो वाळीत टाकण्याचा प्रकार होतो, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. मुलांना कायद्याचा धाक दाखवायचा नाही, पण शिक्षकांनी ही गोष्ट त्याच गांभीर्याने घ्यावी असं मला वाटतं. गटकार्यात काम वाटून देणं, वही देणं, विचारल्यावर उत्तर देणं हे मैत्रीत मोडत नाही. ते वर्गात बसण्याचे किमान नियम आहेत आणि ते सगळ्यांनाच लागू.

नावाचा शिक्का लागू नये म्हणूनच वर्गात "छळणारी" हा शब्द वापरायचा नसतो. काय घडलं तेवढंच बोलायचं.

आता काय करू नये ते. दोघांना समोरासमोर उभं करून "हात मिळवा, सॉरी म्हणा" नको. भांडणात ते चालतं, कारण तिथे दोघं बरोबरीचे असतात. इथे एकाला सगळ्यांसमोर माफ करावं लागतं आणि जिन्यात त्याची किंमत मोजावी लागते. भर वर्गातून शिपाईमामांकरवी मुलाला बोलावू नका. वही तपासण्याच्या निमित्ताने बोला. "तुला कोण त्रास देतं?" ऐवजी "मधली सुट्टी कशी जाते तुझी?" असं विचारा. पहिल्यांदा "छान" हेच उत्तर येईल. आठवड्याने पुन्हा विचारा.

आणि बघ्यांकडे वळा. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवल्ली यांनी दाखवलं की असं प्रकरण दोघांतलं नसतं. कोणी साथ देतं, कोणी हसून चेव आणतं, बरेच गप्प राहतात, थोडे बाजू घेतात. शाळांतला छळ रोखण्यासाठीच्या तिथल्या किवा उपक्रमात वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-चार मुलांना शिक्षक गुपचूप सांगतात, "तिला थोडी सोबत कराल?" हे आपल्याकडे विनाखर्च करता येतं. खोकल्यावर कोणी हसलंच नाही तर तो फार दिवस टिकत नाही.

मूल जेवेनासं झालं, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखायला लागलं, किंवा जगण्याबद्दल निराशेचं काही बोललं, तर थांबू नका. पालक आणि समुपदेशक त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे नंबर स्टाफरूममध्ये लावून ठेवा.

---

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. बंदरावरची, डब्याचं उदाहरण मी नाव घेऊन मांडणार आहे, तुमची हरकत नसेल तर. व्हॅनवाल्या दादांचंही पटलं. पालकसभेआधी आमच्या व्हॅनकाकांशी बोलते.

आठ जणांकडचे तुकडे एकत्र आणण्यासाठी मी एक वही सुचवणार आहे. स्टाफरूमच्या कुलुपाच्या कपाटात ठेवायची. तारीख, तास, काय दिसलं, आजूबाजूला कोण होतं, एवढंच एका ओळीत. मत नाही, विशेषण नाही. महिन्याअखेर वर्गशिक्षक ती एकदा वाचतील. "कधी बघू?" या प्रश्नाला माझ्याकडे सध्या हेच उत्तर आहे: रोज सगळं बघायचं नाही, दिसलेली एक ओळ तेवढी लिहायची. तक्रारपेटी आमच्याकडे आहे, पण ती मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, शिपायाच्या स्टुलाशेजारी. तिथे चिठ्ठी टाकताना सगळी शाळा बघते. ती ग्रंथालयात हलवण्याबद्दल शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीच्या बैठकीत बोलणार आहे.

एकच विचारायचं राहिलं. पटाच्या प्रयोगानंतर ते कागद गोळा करायचे का? मुख्याध्यापकांना पाहायचे असतील तर?

---

पारिजातक

गोळा करू नका, आणि हे सुरुवातीलाच जाहीर करा. कागद शिक्षकाकडेच राहतो, नाहीतर पुढच्या वेळी सगळे नावं ठोकून देतील. मुख्याध्यापकांनाही एका वर्गाचा पट द्या आणि भरायला बसवा. तीन आठवड्यांनी कोरी प्रत पुन्हा द्या. बहुतेकजण दुसऱ्या वेळी मधल्या सुट्टीत एक फेरी मारून आलेले असतात.

वहीवर मुलांची पूर्ण नावं नकोत, हजेरी क्रमांक लिहा.